ओल्या लाकडाचा डाव

काही वर्षांपूर्वीच्या जुलैमधली गोष्ट. रात्रभर पाऊस पडत होता. आमच्या सोसायटीतल्या आंब्याची एक मोठी फांदी मोडून रस्त्यावर आडवी पडली. सकाळी तुकडे करून वाट मोकळी करण्यात आली. त्यातला सुमारे १४ सेंटिमीटर व्यासाचा, हातभर लांबीचा एक गोल ओंडका मी विचारून घरी आणला. साल सोलली आणि तो खिडकीजवळ उभा करून ठेवला. वाळला की त्यावर दिवा ठेवायला बैठक होईल, असा विचार होता.

ऑक्टोबरमध्ये एका दुपारी सुतळी बॉम्ब फुटावा तसा आवाज झाला. ओंडक्याला वरपासून खालपर्यंत तडा गेला होता. पुढच्या पंधरा दिवसांत त्या तड्यात बोट जाईल एवढी फट पडली.

याच सुमारास दार घट्ट बसते म्हणून बोलावलेले सुतारकाका घरी आले होते. त्यांना ओंडका दाखवला. ते म्हणाले, “हे फुटणारच होतं, सर. ओलं होतं तेव्हाच मधोमध फाडून ठेवायचं. मग फुटत नाही.”

माझे काम बहुवारिकांवरचे, म्हणजे पॉलिमरवरचे. लाकूड हे बहुवारिकांचेच बनलेले असते. तरीही लाकूड फुटू नये म्हणून आधी फाडायचे, हे मला उलटेच वाटले. कागद-पेन्सिल घेऊन बसलो तेव्हा लक्षात आले, की सुतारकाकांच्या वाक्यात एक साधी भूमिती आहे. नववीतल्या मुलांना समजेल अशी. ती कळली की ओल्या लाकडातून मोजक्या हत्यारांनी वस्तू कशी कोरायची, याच्या बहुतेक पायऱ्या आपोआप सुचतात. त्या आज पाहू या.

ओले म्हणजे किती ओले?

लाकडातील पाणी मोजण्याची एक ठरलेली रीत आहे. तुकड्याचे ताजे वजन घ्यायचे, मग तो सुमारे १०३ अंश सेल्सिअस तापमानाच्या भट्टीत वजन स्थिर होईपर्यंत वाळवायचा. जेवढे वजन घटले तेवढे पाणी. या पाण्याला कोरड्या लाकडाच्या वजनाने भागून शंभराने गुणायचे. समजा, ताजा तुकडा १८० ग्रॅमचा आहे आणि वाळल्यावर १०० ग्रॅम भरला, तर त्यातील पाणी ८० टक्के. हलक्या लाकडाच्या ताज्या तुकड्यात हा आकडा शंभराच्याही वर जातो. मुलांना हे चुकीचे वाटते. भागाकार कोरड्या वजनाने केला आहे, एकूण वजनाने नाही, हे त्यांना स्वतःला शोधू द्यावे.

हे पाणी दोन ठिकाणी असते. लाकूड म्हणजे लांबट, पोकळ पेशींची जुडी. या नळ्यांच्या पोकळीत असते ते मोकळे पाणी. नळीच्या भिंतीत, सेल्युलोजच्या साखळ्यांना चिकटून बसलेले असते ते बांधलेले पाणी. झाड तोडल्यावर आधी मोकळे पाणी निघून जाते. पाण्याची पिंप रिकामी झाली तरी पिंपाचा आकार बदलत नाही, तसे या काळात लाकूड हलके होते, पण आकसत नाही. पाण्याचे प्रमाण साधारण ३० टक्क्यांच्या खाली आले, की भिंतीतले पाणी निघू लागते. साखळ्या एकमेकींच्या जवळ सरकतात, भिंती बारीक होतात आणि लाकूड आकसू लागते.

वाळणे पूर्ण कधी होते? खरे तर कधीच नाही. लाकूड हवेशी सतत देवाणघेवाण करत राहते. पुण्यात एप्रिल-मेच्या दुपारी हवेची सापेक्ष आर्द्रता अनेकदा ३० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याखाली जाते. अशा हवेत बराच काळ राहिलेल्या लाकडात पाणी सुमारे ६ टक्के असते. पावसाळ्यात आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर राहते, तेव्हा ते १६ टक्क्यांवर जाते. उन्हाळ्यात सैल असलेले दार जुलैत घट्ट बसते, ते यामुळेच.

तडा का जातो?

लाकूड सगळ्या दिशांनी सारखे आकसत नाही. खोडाच्या लांबीच्या दिशेने ते जवळजवळ आकसतच नाही, फार तर ०.१ ते ०.२ टक्के. केंद्राकडून सालीकडे, म्हणजे त्रिज्येच्या दिशेने, अनेक जातींत सुमारे ४ टक्के आकसते. वर्तुळाकार वाढीच्या रेषेला धरून, म्हणजे परिघाच्या दिशेने, सुमारे ८ टक्के आकसते. जातीप्रमाणे आकडे बदलतात. सागवानात ते अनुक्रमे २.५ आणि ५.८ टक्के इतके कमी आहेत, म्हणून दारे-खिडक्यांना सागवान मानाचे. पण परिघाचे आकसणे त्रिज्येच्या जवळपास दुप्पट, हा नियम बहुतेक लाकडांना लागू पडतो.

आता गणित करू. माझ्या ओंडक्याची त्रिज्या ७ सेंटिमीटर, परिघ ४४ सेंटिमीटर. त्रिज्या ४ टक्क्यांनी आकसून ६.७२ झाली. या नव्या वर्तुळाला ४२.२ सेंटिमीटर परिघ हवा. पण परिघावरचे लाकूड ८ टक्के आकसले आहे. ते उरले फक्त ४०.५ सेंटिमीटर. म्हणजे १.७ सेंटिमीटर लाकूड कमी पडले. हे कुठून भरून काढायचे? कुठूनच नाही. तेवढी जागा उघडी राहते आणि तोच तडा. कोनात मोजला तर तो सुमारे १५ अंशांचा भरतो. बाहेरचा थर आतल्यापेक्षा आधी वाळतो, त्यामुळे ताण आणखी वाढतो. पण सगळे लाकूड अगदी हळूहळू, सारखे वाळवले तरी केंद्रासकट अखंड गोल ओंडक्यात ही तूट राहणारच.

आता तोच ओंडका ओला असताना केंद्रातून दोन फाळक्यांत फाडला असता तर? प्रत्येक फाळके म्हणजे १८० अंशांचे अर्धवर्तुळ. वाळल्यावर ते सुमारे १७२ अंशांचे होते. फाडलेली सपाट बाजू मधोमध किंचित उंचावते, अगदी कमी उताराच्या छपरासारखी. आकसायला जागा मिळाली, त्यामुळे तडा जायचे कारण उरले नाही. सुतारकाकांचे म्हणणे एवढेच होते. लाकडाला फट हवीच आहे, तर ती आपणच सोयीच्या जागी द्यावी.

यातून ओल्या कोरीवकामाचे दोन नियम मिळतात. पहिला, केंद्र, म्हणजे खोडाचा गाभा, वस्तूत ठेवायचा नाही. दुसरा, वस्तू पातळ आणि शक्यतो सारख्या जाडीची करायची, म्हणजे ती एकसारखी वाळते.

ओले लाकूड मऊ का?

नुकताच लाटलेला पापड हवा तसा वाकवता येतो. उन्हात वाळल्यावर तोच कडकन मोडतो. लाकडाचेही काहीसे असेच आहे. पेशींच्या भिंतीत सेल्युलोजच्या साखळ्या आणि त्यांना धरून ठेवणारे हेमीसेल्युलोज व लिग्निन असते. साखळ्या एकमेकींना हायड्रोजन बंधांनी धरून असतात. पाण्याचे रेणू मध्ये शिरले, की यांतले काही बंध सुटतात आणि साखळ्यांना सरकायला वाव मिळतो. त्यामुळे ओले लाकूड पात्याला कमी विरोध करते. नसेच्या दिशेने दाबले असता कोरडे लाकूड जेवढा भार सोसते, त्याच्या साधारण निम्माच भार ओले लाकूड सोसते. नवशिक्याच्या हाताला एवढा फरक खूप मोठा असतो.

पुण्यात विश्रामबागवाड्याच्या दर्शनी भागावरचे सुंदर लाकडी कोरीवकाम बहुतेकांनी पाहिलेले असते. दुसऱ्या बाजीरावाने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेला हा वाडा. अशा इमारतीचे खांब आणि महिरपी एकमेकींत नेमक्या बसायला हव्यात, त्यासाठी आधी नीट वाळलेले सागवान लागते. हातोडी, पटाश्या आणि वर्षानुवर्षांचा सराव लागतो. डाव, उलथने, रवी, भाकरीचे पीठ मळायची एकाच लाकडातून कोरलेली काठवट या वस्तूंचे तसे नाही. त्या कशात बसवायच्या नसतात. वाळताना थोड्या वाकल्या तरी काम अडत नाही. म्हणून ओल्या लाकडासाठी त्या योग्य. सुरुवात करणाऱ्याने वाड्याच्या खांबाकडे न बघता स्वयंपाकघराकडे बघावे.

बुरूड आळीत कारागीर ओला बांबू उभा फाडून त्याच्या कामट्या काढतात, तेही याच कारणाने. वाळलेला बांबू असा मनासारखा फाटत नाही आणि कामटी वळवताना मोडते.

लाकूड कुठून आणायचे?

इथे एक सूचना महत्त्वाची. महाराष्ट्रातील शहरांत झाडांच्या संरक्षणासाठी १९७५चा कायदा आहे. वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही, फांद्यांच्या छाटणीलाही विचारावे लागते. आपल्याला झाड तोडायचेच नाही. पावसाळ्यात मोडलेल्या आणि परवानगीने छाटलेल्या फांद्या पुरेशा असतात. त्या उचलण्यापूर्वी ज्याचे झाड त्याला किंवा महापालिकेच्या उद्यान विभागाला विचारावे. लाकडाच्या वखारीत मिळणारे लाकूड बहुधा वाळलेले असते, त्याचा इथे उपयोग नाही.

फांदी मनगटाहून जाड, सरळ आणि गाठी नसलेली निवडावी. मला आंबा, शिवण, सुबाभूळ आणि जांभूळ यांवर काम करणे सोपे गेले. पेरू चिवट आहे, पण डाव टिकाऊ होतो. पांगारा लोण्यासारखा कापला जातो. सावंतवाडीच्या प्रसिद्ध लाकडी खेळण्यांसाठी हे हलके लाकूड वापरले गेले आहे. मात्र जेवणात वापरायच्या वस्तूसाठी मी ते घेत नाही. कण्हेर विषारी आहे. शेर, थोर यांचा चीक आणि बिब्ब्याचा रस त्वचेला व डोळ्यांना घातक आहे. या झाडांना हातच लावू नये. झाड ओळखता येत नसेल तर ती फांदी सोडून द्यावी. आंब्याच्या चिकानेही काहींच्या त्वचेवर पुरळ उठते, म्हणून आधी साल काढून चीक पुसून घ्यावा.

आणल्यावर लगेच काम करता येणार नसेल, तर फांदीची दोन्ही टोके मेणाने किंवा जुन्या तैलरंगाने बंद करावीत. नळ्यांची तोंडे तिथे उघडी असतात आणि टोकांतून पाणी बाजूंपेक्षा दहा-पंधरा पट वेगाने निघून जाते. छोटे तुकडे पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवले तरी चालतात. पाणी रोज बदलावे, नाहीतर वास येतो.

हत्यारे किती?

सुताराच्या पेटीत रंधा, गुण्या, गिरमिट, कानस, निरनिराळ्या पटाश्या अशी बरीच हत्यारे असतात. आपल्याला सहा पुरे.

एक, लाकूड तुकड्यांत कापायला करवत.

दोन, फाडण्यासाठी जाड पाठीचा सरळ कोयता. तो कुऱ्हाडीसारखा उगारायचा नाही. ओंडका उभा ठेवून पाते गाभ्यावर टेकवायचे आणि पाठीवर मोगरीने ठोकायचे.

तीन, मोगरी, म्हणजे लाकडी हातोडा. जाड फांदीच्या तुकड्याची मूठ तासून ती घरीच करता येते. पहिली वस्तू म्हणून हीच करावी. लोखंडी हातोडीने कोयत्याची पाठ खराब होते आणि कपच्या उडतात.

चार, सात-आठ सेंटिमीटर लांब, सरळ धारेची, न मिटणारी सुरी. मूठ तळहातभर असावी. स्वयंपाकघरातली पातळ, लवचीक सुरी इथे चालत नाही.

पाच, डावाची खोलगट वाटी कोरायला गोल धारेची पटाशी. दोन सेंटिमीटर रुंदीची पुरते.

सहा, धार लावायला दगड. एका बाजूने जाड आणि दुसऱ्या बाजूने बारीक कणांचा कार्बोरंडमचा दगड घ्यावा.

पुण्यात ही हत्यारे रविवार पेठेतल्या बोहरी आळीसारख्या बाजारात मिळतात. गावाकडे लोहार असेल तर कोयता आणि सुरी त्याच्याकडून करून घ्यावी. कशासाठी हवी ते सांगितले, तर तो पाते तसे देतो. पारंगत सुतार यांतले बरेचसे काम एकट्या वाकसाने करतो. मात्र वाकस स्वतःच्या पायाकडे चालणारे हत्यार आहे, म्हणून नवशिक्याने ते शेवटी शिकावे.

धार म्हणजे काय?

लाकडाच्या एका तंतूची जाडी साधारण १० ते ३० मायक्रोमीटर. आपल्या केसाहूनही तो बारीक. चांगल्या धारेची कड एका मायक्रोमीटरच्या आसपास किंवा त्याहून बारीक असते. ती तंतूच्या भिंतीत शिरते आणि ती कापते. बोथट पाते एकाच वेळी अनेक तंतूंवर टेकते आणि त्यांना दाबते. मग आपण जोर वाढवतो, पाते अचानक सुटते आणि हात जिथे जायला नको तिथे जातो. म्हणून धारदार सुरीपेक्षा बोथट सुरी अधिक धोक्याची.

सुरीच्या धारेचा कोन २० ते २५ अंश असावा. तो मापायला साधा कागद पुरतो. कागदाचा काटकोन एकदा दुमडला की ४५ अंश, पुन्हा दुमडला की साडेबावीस. हा कोपरा दगडावर ठेवून पाते किती उचलायचे ते डोळ्यांना शिकवावे. दगड पाण्याने भिजवून दोन्ही बाजू सारख्या घासाव्यात. एका बाजूने घासताना दुसऱ्या बाजूला धातूची बारीक ओठासारखी कड वळते. ती बोटाला खरखरीत लागते. ती येईपर्यंत घासायचे, मग बाजू बदलायची. शेवटी बारीक बाजूवर हलका हात आणि कातड्याच्या पट्ट्यावर पाठमोरे दहा-बारा हात. वर्तमानपत्राचा कागद न फाटता सरळ कापला गेला, की धार झाली समजावे.

डाव करू या

फांदीचा वीतभराहून थोडा लांब तुकडा कापा. कोयत्याने गाभ्यातून दोन फाळके करा आणि गाभ्याचा भाग तासून टाका. करवतीने फळी काढण्याऐवजी फाडायचे का? करवत सरळ रेषेत जाते, तंतू कुठे जातात याची तिला पर्वा नसते. फाडताना भेग मात्र तंतूंमधूनच जाते. त्यामुळे अखंड तंतू डावाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत राहतात आणि बारीक दांडाही सहजी मोडत नाही. फाळके पिळलेले निघाले, तर झाडच पिळलेले वाढले होते. तो तुकडा बाजूला ठेवा, दुसरा घ्या.

सपाट बाजूवर पेन्सिलीने डावाचा आकार काढा. पहिला डाव साधाच असू द्या. गोल वाटी आणि सरळ दांडा. वाटीचे कोरणे आधी करा, कारण तुकडा मोठा असेपर्यंत तो बाकाला शिकंज्यात घट्ट पकडता येतो. पटाशीने कडेकडून मध्याकडे, तळाकडे उतरत जा. पलीकडे चढू नका. तिथून पुन्हा कडेकडून या. पटाशी चालवताना तुकडा कधीही तळहातात धरू नका. दोन्ही हात पटाशीच्या मागेच असले पाहिजेत.

मग सुरीने बाहेरचा आकार. इथे एकच नियम पाठ करावा. रुंद भागाकडून अरुंद भागाकडे कापायचे. का? गवताची पेंढी तिरकी कापून पाहा. उतरत्या बाजूने कापताना प्रत्येक काडीला खालच्या काडीचा आधार असतो. उलट्या बाजूने गेलो, तर पाते काड्यांच्या मध्ये शिरते आणि त्यांना उचकटते. लाकडातही नसेच्या उलट गेलो की सालपट ओरबाडल्यासारखे निघते. तसे झाले, तर जोर न वाढवता दिशा बदलावी. डावाच्या मानेशी दोन्ही बाजूंचे काप एकमेकांना भेटतात. तिथे घाई केली की डाव मोडतो. माझे पहिले दोन तिथेच मोडले.

सुरी धरण्याच्या दोन पद्धती आधी शिकाव्यात. मोठ्या कापासाठी स्टुलावर बसून तुकडा गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला धरायचा आणि हात सरळ ठेवून अंगापासून दूर कापायचे. मांड्यांच्या मध्ये कधीही कापू नये. मांडीच्या आतल्या बाजूने शरीरातली एक मोठी धमनी जाते. बारीक कापासाठी डाव्या हाताचा अंगठा सुरीच्या पाठीवर टेकवून पाते रेटायचे. यात पाते एका वेळी सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरच सरकते, त्यामुळे ते ताब्यात राहते. ढलपी पातळ निघाली पाहिजे. जाड ढलपी काढायचा मोह आवरला, की निम्मे अपघात टळतात.

वाटीची जाडी पाच-सहा मिलिमीटर आणि सगळीकडे सारखी झाली, की थांबा.

वाळवणे

आता घाई नको. डाव वर्तमानपत्रात सैलसर गुंडाळून सावलीत ठेवा. एप्रिल-मेमध्ये त्याभोवती त्याचेच ओले ढलपे भरून ठेवावेत, म्हणजे पाणी हळू जाते. जुलै-ऑगस्टमध्ये उलट अडचण असते. पाणी जात नाही आणि बुरशी येते. तेव्हा कागद रोज बदलावा आणि हवा खेळती ठेवावी. स्वयंपाकघरातल्या काट्यावर रोज वजन करा आणि आलेख काढा. आलेख आधी वेगाने उतरतो, मग सपाट होतो. सपाट झाला, की शेवटचा धारदार हात फिरवा.

नंतर खाण्याचे जवसाचे तेल चोळा. या तेलाचे रेणू हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने एकमेकांना जोडले जातात आणि त्याचा घट्ट थर होतो. शेंगदाण्याचे तेल असे घट्ट होत नाही. ते तसेच राहते आणि खवट होते. तेलाचे फडके मात्र चुरगाळून टाकू नका. घट्ट होण्याच्या या क्रियेत उष्णता निर्माण होते आणि फडक्याचा बोळा आपोआप पेटू शकतो. ते पसरून वाळवावे किंवा पाण्यात बुडवावे.

वर्गात काय करता येईल?

सुरी न वापरताही या विषयाचे तीन प्रयोग होतात.

पहिला, ताज्या ढलप्यांचे वजन घ्या, आठवडाभर उन्हात वाळवून पुन्हा घ्या. उन्हात सगळे पाणी जात नाही. किती उरले असेल, याची चर्चा करा.

दुसरा, एकाच फांदीच्या दोन सेंटिमीटर जाडीच्या दोन चकत्या कापा. एकीला सालीपासून केंद्रापर्यंत करवतीने एक चीर द्या, दुसरी तशीच ठेवा. चिरेची फट रोज उघडत जाते. तिचा कोन कोनमापकाने मोजा आणि मघाच्या १५ अंशांशी ताडून पाहा. फरक आला, तर या झाडाच्या दोन आकसण्यांतील फरक किती असेल, ते मुलांनी उलटे गणित करून सांगावे. दुसरी चकती कुठे फुटेल, यावर पैज लावायलाही हरकत नाही.

तिसरा, वेताचा वीतभर सरळ तुकडा घ्या. एक टोक साबणाच्या पाण्यात बुडवून दुसऱ्या टोकातून फुंका. बुडबुडे येतात. झाडात पाणी वर नेणाऱ्या नळ्या चित्रात दाखवतो, त्या इथे खऱ्या भेटतात.

आणि कोरीवकाम? शाळेत मुलांच्या हाती सुरी द्यायची, हा प्रश्न मला अनेक शिक्षकांनी विचारला आहे. भीती खरी आहे, ती हसण्यावारी नेऊ नये. माझे मत असे, की पाचवी ते आठवीपर्यंत प्रयोग करावेत आणि कारागिराचे काम पाहावे. नववीपासून, एका शिक्षकामागे पाच-सहाच मुले घेऊन, सुरी द्यावी. दोन मुलांमध्ये हात पसरूनही पाते लागणार नाही इतके अंतर हवे. उभे राहून, चालत किंवा बोलत कापायचे नाही. जवळ स्वच्छ कापड आणि प्रथमोपचाराची पेटी हवी. पालकांना आधी सांगून त्यांची संमती घ्यावी. आपल्या घरांत मुले विळीवर भाजी चिरायला शिकत, तेव्हा कुणीतरी मोठे माणूस समोर बसलेले असे. तेवढे लक्ष द्यायची तयारी असेल तरच हा उपक्रम घ्यावा.

ही कल्पना नवी नाही. स्वीडनमध्ये नेस येथे ऑटो सालोमन यांनी १८७०च्या दशकात शिक्षकांना ‘स्लॉइड’ म्हणजे हस्तव्यवसाय शिकवायला सुरुवात केली. देशोदेशींचे शिक्षक तिथे सुरी आणि लाकूड घेऊन शिकून गेले. आपल्याकडे १९३७मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी उद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला. पुणे जिल्ह्यातल्या पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला आणि हाताने काम करत विज्ञान शिकणे शाळांपर्यंत नेले. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना, स्थानिक कारागिरांसोबत घालवण्याची शिफारस आहे, त्यात सुतारकामाचा उल्लेखही आहे. या दहांतला एक दिवस शाळेजवळच्या सुताराला बोलवावे. त्याला भाषण करायला सांगू नये. ओले लाकूड आणि कोयता द्यावा, आणि प्रश्न मुलांना विचारू द्यावेत. मानधनही द्यावे.

माझ्या फुटलेल्या ओंडक्याचे पुढे काय झाले? मी त्याचे दोन तुकडे केले. एका तुकड्याची मोगरी झाली. दुसरा वर्गात दाखवायला ठेवला आहे. मुले आधी फटीत बोट घालून पाहतात, मग कोनमापक मागतात. मागच्या वेळी एकीने मोजून तेरा अंश सांगितले आणि विचारले, “मग उरलेले दोन अंश कुठे गेले?” मी तिला उत्तर दिले नाही. हा आंब्याचा ओंडका चार आणि आठ टक्के आकसतो, हे मी गृहीत धरले होते, मोजले नव्हते. आता पुढच्या पावसाळ्यात मोडलेल्या फांदीची आम्ही दोघेही वाट पाहत आहोत.